समुद्री चाचे आणि खलाशी कानात बाळी का घालायचे?

समुद्री चाचा म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र उभं राहतं. एका डोळ्यावर काळी पट्टी, डोक्याला बांधलेला रुमाल, खांद्यावर पोपट, कमरेला तलवार आणि कानात सोन्याची बाळी. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाला चाचा करायचं ठरलं, तर तलवार पुठ्ठ्याची चालते, मिशी काजळाची चालते, पण कानात बाळी मात्र हवीच.

या बाळीबद्दल बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. बाळी घातली की नजर तेज होते, ती दफनाच्या खर्चासाठी असायची, तोफांच्या आवाजापासून कान वाचावेत म्हणून ती घालत, केप हॉर्नचा वळसा पूर्ण केल्याची ती खूण होती, वगैरे. यातलं खरं किती आणि नंतर जोडलेलं किती?

थोडक्यात उत्तर असं, की खलाशी कानात बाळ्या घालायचे हे खरं आहे. चाचे हे मुळात खलाशीच असल्यामुळे त्यांच्यातल्या काहींच्या कानातही बाळी असणार. पण 'बाळी म्हणजे चाचा' हे समीकरण खऱ्या चाच्यांच्या काळात नव्हतं. ते दीडशे-दोनशे वर्षांनंतर चित्रांनी, कादंबऱ्यांनी आणि सिनेमाने जुळवलं. खलाशांच्या बाळीमागे मात्र पैसा, भीती, हौस आणि ओळख अशी अनेक कारणं एकत्र होती.

चाच्याला बाळी कोणी घातली?

अटलांटिक महासागर आणि कॅरिबियन बेटांभोवती चाच्यांनी धुमाकूळ घातला तो साधारण १६५० ते १७३० या काळात. इतिहासकार याला चाचेगिरीचा 'सुवर्णकाळ' म्हणतात. आज सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली चाच्याची प्रतिमा मात्र त्या काळातली नाही.

या प्रतिमेचं सर्वांत मोठं श्रेय हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराला जातं. १८८७ मध्ये 'हार्पर्स' मासिकात चाच्यांवरचा त्याचा सचित्र मजकूर आला आणि पुढची अनेक वर्षं तो चाचे रंगवत राहिला. खरे चाचे कसे दिसायचे याची समकालीन चित्रं फारच थोडी होती. मग पाइलने जुन्या कपड्यांच्या अभ्यासात स्पॅनिश आणि जिप्सी पेहरावाची भर घातली, असं मानलं जातं. कमरेला रुंद रंगीत शेला, डोक्याला रुमाल आणि कानात मोठी बाळी असा थाट तयार झाला. पाइल १९११ मध्ये वारला. त्याची चित्रं आणि लेखन एकत्र करून काढलेलं चाच्यांवरचं पुस्तक १९२१ मध्ये आलं.

पाइलचा शिष्य एन. सी. वाइथ याने १९११ मध्ये 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीच्या आवृत्तीसाठी चित्रं काढली. १९२६ च्या 'द ब्लॅक पायरेट' या मूकपटात डग्लस फेअरबँक्सने तोच थाट पडद्यावर आणला. तिथून 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'पर्यंत वेशभूषाकारांना नवं काही शोधावं लागलंच नाही.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी १८८३ मध्ये पुस्तकरूपात आली. तिच्यातही कानातल्या बाळ्या आहेत, पण त्या चाच्यांची खूण म्हणून येत नाहीत. ब्रिस्टलच्या बंदरात फिरणाऱ्या लहान मुलाला जे म्हातारे खलाशी दिसतात, त्यांच्या कानात बाळ्या आहेत. म्हणजे त्या काळच्या वाचकाला कानात बाळी असलेला माणूस 'जुना खलाशी' म्हणून ओळखू यायचा. चाच्यापर्यंत ही बाळी पुढे पोहोचली.

खऱ्या चाच्यांच्या अंगावर काय असायचं?

चाच्यांबद्दलचं सर्वांत गाजलेलं जुनं पुस्तक लंडनमध्ये १७२४ मध्ये निघालं. लेखकाचं नाव दिलं होतं कॅप्टन चार्ल्स जॉन्सन. या पुस्तकात चाच्यांच्या वेशाची बारीक वर्णनं आहेत.

त्यातला ब्लॅकबिअर्ड हा चाचा छातीपर्यंत दाढी वाढवायचा, तिच्या वेण्या घालून फिती बांधायचा आणि लढाईच्या वेळी टोपीखाली पेटत्या वाती खोचायचा. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा तर शौकीन माणूस. शेवटच्या लढाईत त्याच्या अंगावर किरमिजी रंगाचा भरजरी पोशाख होता, टोपीत लाल पीस होतं आणि गळ्यात सोन्याची साखळी, तिला हिऱ्यांचा क्रूस. इतकं सगळं टिपणाऱ्या लेखकाने या दोघांच्या कानातल्या बाळीचा उल्लेख केलेला नाही.

दुसरी साक्ष न्यायालयातली. ॲन बॉनी आणि मेरी रीड या दोन स्त्री-चाच्यांवर १७२० मध्ये जमैकात खटला चालला. त्यांनी लुटलेल्या एका बाईने साक्ष दिली, की दोघींच्या अंगात पुरुषी कोट आणि लांब विजारी होत्या, डोक्याला रुमाल बांधलेले होते आणि हातात कोयता व पिस्तूल होतं. डोक्याचा रुमाल इथे सापडतो. बाळी सापडत नाही.

चाच्यांना दागिन्यांचं वावडं होतं, असा याचा अर्थ नाही. सॅम्युअल बेलामी या चाच्याचं 'व्हिडा' जहाज १७१७ मध्ये अमेरिकेतल्या केप कॉडजवळ वादळात बुडालं. त्याचे अवशेष १९८४ मध्ये सापडले. त्यात नाण्यांबरोबर पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांचे सोन्याचे दागिनेही निघाले. त्यातले बरेच तुकड्यांच्या रूपात होते. चाच्यांच्या टोळीत लुटीचे ठरलेले वाटे पडत. दागिना कितीही सुबक असला, तरी तो शेवटी वजनाने वाटायचं सोनं होता.

आधी दरबारात, मग डेकवर

युरोपात पुरुषाच्या कानात दागिना ही काही समुद्रावरच्या लोकांची मक्तेदारी नव्हती. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती दरबारी फॅशन होती. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा मर्जीतला सरदार आणि दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले याचं १५८८ मधलं चित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्याच्या कानात टपोरे मोती लोंबताना दिसतात. शेक्सपिअरचं म्हणून ओळखलं जाणारं 'चँडॉस' चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यातल्या माणसाच्या डाव्या कानात सोन्याची साधी बाळी आहे. राजा पहिला चार्ल्स याचा ३० जानेवारी १६४९ रोजी शिरच्छेद झाला, तेव्हाही त्याच्या कानात मोती होता. तो मोती आजही जपून ठेवलेला आहे.

पुढे इंग्लंडमध्ये लांब केसांचे टोप आले आणि उच्चभ्रू पुरुषांच्या कानातले दागिने मागे पडले. खलाशांच्या कानात ते ठळकपणे दिसू लागतात ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आणि मग संपूर्ण एकोणिसाव्या शतकात. व्यापारी जहाजं, युद्धनौका, देवमाशांची शिकार करणारी गलबतं अशा सगळीकडे. हर्मन मेलव्हिलच्या १८५१ मधल्या 'मोबी डिक' कादंबरीत डॅगू नावाचा धिप्पाड आफ्रिकन भालेकरी आहे. त्याच्या कानातल्या सोन्याच्या बाळ्या इतक्या मोठ्या, की बाकीचे खलाशी त्यांना शिडाचे दोर बांधायच्या कड्या म्हणून चिडवतात. मेलव्हिल स्वतः देवमाशांच्या शिकारी जहाजावर काम करून आलेला होता.

म्हणजे बाळी घालणारे खलाशी भरपूर होते, पण त्यांचा काळ चाच्यांच्या सुवर्णकाळानंतरचा. आता प्रश्न उरतो, ते ती का घालायचे?

दफनाचा खर्च: सर्वांत लोकप्रिय कारण

समुद्रात मेलेल्या खलाशाचं प्रेत एखाद्या अनोळखी किनाऱ्याला लागलं, तर ज्याला ते सापडेल त्याने कानातली बाळी विकून त्या पैशांत त्याचं रीतसर दफन करावं, अशी ही समजूत. इंटरनेटवर हेच कारण सर्वांत जास्त सांगितलं जातं.

ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कारण ज्या भीतीतून ही समजूत निघाली ती भीती अगदी खरी होती. ख्रिस्ती माणसासाठी पवित्र केलेल्या जमिनीत, प्रार्थनेसह पुरलं जाणं ही मोठी गोष्ट होती. किनाऱ्याला लागलेल्या प्रेताला मात्र ते मिळेलच असं नव्हतं. माणूस कोण, कुठल्या गावचा, कुठल्या पंथाचा, हे कोणालाच माहीत नसायचं. दफनाचा खर्च कोणी करायचा हाही प्रश्न असायचा. मग किनाऱ्यावरच खड्डा खणून प्रेत पुरून टाकलं जाई. ना पेटी, ना प्रार्थना, ना नाव.

इंग्लंडमध्ये ही प्रथा बदलली ती एका दुर्घटनेमुळे. २९ डिसेंबर १८०७ रोजी ब्रिटिश नौदलाची 'अँसन' ही युद्धनौका कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, लो बार नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर, वादळात आदळली. नांगराचे दोर तुटले होते. किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत अनेक खलाशी बुडाले. त्यांची प्रेतं जवळच्या कड्यावर खड्ड्यांमध्ये कसल्याही विधीशिवाय पुरण्यात आली.

या प्रकाराने स्थानिक लोक अस्वस्थ झाले. हेल्स्टन गावच्या टॉमस ग्रिल्स या वकिलाने कायद्याचा मसुदा तयार केला आणि १८०८ मध्ये ब्रिटिश संसदेने तो मंजूर केला. समुद्रातून किनाऱ्याला लागलेलं प्रत्येक प्रेत त्या भागातल्या चर्चच्या दफनभूमीत पुरायचं आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून भरून द्यायचा, असं ठरलं. प्रेत सापडल्याची खबर देणाऱ्याला पाच शिलिंग देण्याची तरतूदही होती. त्याच वादळात किनाऱ्यावर उभं राहून माणसं बुडताना पाहणाऱ्या हेन्री ट्रेंग्रूजने पुढे अग्निबाणाच्या मदतीने बुडत्या जहाजापर्यंत दोर पोहोचवण्याचं साधन बनवलं.

१८०८ च्या आधी मात्र बुडालेल्या खलाशाच्या मागे असा कोणताही कायदा नव्हता. तेव्हा स्वतःच्या दफनाची सोय स्वतःच्या अंगावर बाळगावी, असं एखाद्याला वाटलं तर नवल नाही.

बाळीत तेवढे पैसे निघाले असते का?

थोडा हिशेब मांडून पाहता येतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गिनी हे सोन्याचं नाणं चालायचं. वजन सुमारे ८.४ ग्रॅम, सोनं २२ कॅरट, किंमत २१ शिलिंग. याच दराने ४ ग्रॅमच्या बाळीत दहा शिलिंगांचं सोनं भरतं. ब्रिटिश नौदलात कुशल खलाशाला २८ दिवसांच्या महिन्याला २४ शिलिंग मिळायचे. हा पगार सतराव्या शतकाच्या मध्यापासून १७९७ च्या बंडापर्यंत वाढलाच नाही. म्हणजे चांगली जाड बाळी ही जवळपास अर्ध्या महिन्याची कमाई होती. साध्या दफनाला हातभार लावण्याइतकी रक्कम तिच्यात नक्की होती.

हिशेब जुळतो, पण व्यवहार जुळत नाही. पहिली अडचण अशी, की अनोळखी माणसाने ते सोनं खिशात घालून निघून जाऊ नये यासाठी काहीच बंधन नव्हतं. फुटलेल्या जहाजाचा माल लुटण्यासाठी किनाऱ्यावरची गावंच्या गावं धावत असत. तिथे प्रेताच्या कानातलं सोनं कोण सोडणार?

दुसरी अडचण, बहुतेक खलाशी बुडून मरत नव्हते. ते आजाराने मरत आणि जहाजावरच मरत. अशा वेळी त्याच्याच झोळीत किंवा शिडाच्या कापडात प्रेत शिवायचं, पायाशी तोफेचे गोळे बांधायचे आणि प्रार्थना म्हणून समुद्रात सोडायचं, ही रीत होती. त्याला खर्च नव्हता. नौदलात मेलेल्या खलाशाचे कपडे आणि सामान डोलकाठीपाशी मांडून त्याचा लिलाव होई. सोबती गरजेपेक्षा जास्त बोली लावत, कारण ते पैसे त्याच्या घरी जाणार असत.

चाच्यांच्या प्रेतांचं काय व्हायचं?

चाच्यांच्या बाबतीत दफनाची गोष्ट आणखीच लंगडी पडते. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स १० फेब्रुवारी १७२२ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश युद्धनौकेशी लढताना मेला. त्याने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे त्याच्या साथीदारांनी त्याला भरजरी कपड्यांसह आणि दागिन्यांसह समुद्रात टाकलं. दफनासाठी सोनं राखून ठेवणं दूरच, होतं ते सोनंही त्याच्याबरोबर तळाला गेलं.

पकडलेल्या चाच्याला तर दफन नाकारणं हाच शिक्षेचा भाग असे. कॅप्टन किडचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १६९८ मध्ये त्याने केरळच्या किनाऱ्याजवळ 'क्वेडा मर्चंट' हे मालाने भरलेलं जहाज धरलं. याच लुटीने पुढे त्याचा घात केला. २३ मे १७०१ रोजी लंडनला थेम्स नदीकाठी त्याला फाशी दिलं. मग त्याचं प्रेत डांबर फासून, लोखंडी पट्ट्यांमध्ये अडकवून नदीच्या मुखाकडे टिलबरीजवळ टांगून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावरच्या खलाशाने ते पाहावं हा उद्देश होता. अशा माणसाच्या कानात बाळी असली काय आणि नसली काय, दफनभूमी त्याच्या वाट्याला येणार नव्हती.

चाच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागल्याचं एक खरं उदाहरण मात्र उपलब्ध आहे, ते 'व्हिडा'चं. त्या जहाजावरचे फक्त दोघे वाचले. शंभराहून अधिक मृतदेह केप कॉडच्या किनाऱ्यावर आले आणि तिथल्या लोकांनी ते पुरले. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरने बुडालेला माल ताब्यात घेण्यासाठी सिप्रियन साउथॅक याला पाठवलं. तेव्हा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याने दफनाचा खर्च जहाजाच्या वाचलेल्या मालातून मागितला आणि त्यावरून वाद झाला. म्हणजे अनोळखी प्रेतांच्या दफनाचे पैसे कोण देणार, हा प्रश्न तंतोतंत उभा राहिला होता. त्याचं उत्तर मात्र कोणी मेलेल्यांच्या कानात शोधलं नाही.

त्यामुळे दफनाच्या कारणाबद्दल असं म्हणता येईल, की एकोणिसाव्या शतकातल्या काही खलाशांच्या मनात ही भावना असू शकते, पण चाच्यांच्या काळातली ती ठरलेली पद्धत होती याला आधार नाही.

अंगावरची पुंजी

याहून साधं आणि पटणारं कारण म्हणजे बचत. खलाशाचं घर म्हणजे एक पेटी किंवा एक पिशवी. डेकखाली दाटीवाटीने शेकडो माणसं झोपायची. तिथे नाणी ठेवली तर चोरीची भीती, जुगारात हरण्याची भीती. बँक नाही, आणि आजच्या बंदरात चालणारं नाणं पुढच्या बंदरात चालेलच याची खात्री नाही. सोनं मात्र लिस्बनपासून कँटनपर्यंत कुठेही वजनावर मोडता यायचं. कानात घातलेलं सोनं झोपेतही अंगावर राहतं, काम करताना हात मोकळे ठेवतं आणि अडीनडीला विकता येतं. बायकांच्या अंगावरचे दागिने म्हणजे घराची अडचणीतली सोय, हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको. खलाशाचा हिशेब त्याहून निराळा नव्हता.

याला एक चांगला पुरावा समुद्रापासून दूर सापडतो. जर्मनीत सुतारकाम शिकून बाहेर पडलेले तरुण कारागीर तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव हिंडून काम करतात. या काळात त्यांनी आपल्या गावाच्या ५० किलोमीटरच्या आत यायचं नसतं. ही जुनी परंपरा आजही थोड्या प्रमाणात चालू आहे. या सुतारांच्या कानात सोन्याची बाळी असते आणि तिचं कारणही तेच सांगितलं जातं. वाटेत पैसे संपले तर मोडायला आणि मरण आलं तर दफनाला. म्हणजे ही बाळी समुद्राची नाही, घरापासून दूर, अनोळखी लोकांत भटकणाऱ्या माणसाची आहे.

चाच्यांनी तर याहून पक्की सोय केली होती. एक्सक्वेमेलिन हा स्वतः कॅरिबियनमधल्या लुटारू टोळ्यांबरोबर राहिलेला माणूस. १६७८ मध्ये डच भाषेत निघालेल्या त्याच्या पुस्तकात टोळीच्या करारातले दर दिले आहेत. उजवा हात गमावल्यास ६०० स्पॅनिश चांदीची नाणी, डावा हात किंवा उजवा पाय गेल्यास ५००, डावा पाय गेल्यास ४००, डोळा किंवा बोट गेल्यास १००. लूट वाटण्याआधी ही भरपाई काढून ठेवली जाई. ज्यांनी अपघाताचा विमा असा लेखी ठरवला होता, त्यांना कानातल्या बाळीवर विसंबून राहण्याची फारशी गरज नव्हती.

कान टोचल्याने नजर सुधारते?

हीदेखील जुनी समजूत आहे. दूरचं गलबत किंवा जमीन आधी दिसणं हे खलाशासाठी पोटापाण्याचं आणि जिवाचं काम, म्हणून चांगल्या नजरेसाठी कान टोचायचे, असं सांगतात. कान टोचणं डोळ्यांना चांगलं असतं हा समज युरोपात जमिनीवरच्या लोकांतही होता. आपल्याकडेही कर्णवेध हा संस्कार आहे आणि सुश्रुतसंहितेत बाळाचे कान टोचण्याची दोन कारणं दिली आहेत, रक्षण आणि भूषण.

आज या समजुतीला ॲक्युपंक्चरचा दाखला जोडला जातो. कानाच्या पाळीच्या मध्यभागी डोळ्याचा बिंदू असतो, असं म्हणतात. पण कानाचा हा नकाशा काही प्राचीन नाही. फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या पॉल नोजिए या डॉक्टरने तो १९५० च्या दशकात मांडला. अठराव्या शतकातल्या खलाशाला तो माहीत असणं शक्यच नाही. शिवाय कानाची पाळी म्हणजे त्वचा आणि चरबी. तिला छिद्र पाडल्याने नजर सुधारते असं वैद्यकशास्त्रात कुठेही सिद्ध झालेलं नाही. बाळीमुळे बोट लागत नाही, या दाव्याचीही हीच गत. शरीराचा तोल सांभाळणारा भाग आतल्या कानात, कवटीच्या हाडात असतो. पाळीचा त्याच्याशी संबंध येत नाही.

तोफांचा आवाज

आणखी एक कारण असं सांगितलं जातं, की खलाशी बाळीला मेणाचे गोळे लटकवत आणि तोफा सुरू झाल्या की ते कानात बसवत. अडचण खरी होती. बंद, ठेंगण्या डेकवर एकाच वेळी डझनभर तोफा उडायच्या. कानांतून रक्त येणं, कायमचं बहिरं होणं हे तोफखान्यातल्या माणसांच्या नशिबी ठरलेलंच.

पण त्यावरचा खरा उपाय अधिक सोपा होता. २१ ऑक्टोबर १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईच्या वर्णनांत खलाशी कमरेपर्यंत उघडे आणि डोक्याला, कानांवरून घट्ट रुमाल बांधलेले दिसतात. आवाज कमी लागावा हाच त्याचा हेतू होता. सिनेमातल्या चाच्याच्या डोक्यावरचा रुमाल असा बाळीपेक्षा जास्त कामाचा होता.

केप हॉर्नचा मान

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्न आहे. प्रचंड लाटा, उलटे वारे आणि थंडी यांमुळे तिथून शिडाचं जहाज नेणं म्हणजे मोठी परीक्षा. १६१६ मध्ये डच दर्यावर्दींनी पहिल्यांदा या टोकाला वळसा घातला. पुढे एकोणिसाव्या शतकात शेकडो व्यापारी जहाजं या वाटेने जाऊ लागली. हा वळसा पूर्ण केलेल्या खलाशाला सोन्याची बाळी घालण्याचा मान मिळे आणि तीही डाव्या कानात, अशी दर्यावर्दींची परंपरा सांगतात. पश्चिमेकडून पूर्वेला जाताना केप हॉर्न डाव्या हाताला राहतं, म्हणून डावा कान. विषुववृत्त ओलांडल्याची खूण म्हणूनही बाळीचा उल्लेख होतो.

हे नौदलाच्या नियमांत बसवलेलं नव्हतं. ती खलाशांची आपापसातली पदवी होती. १९१४ मध्ये पनामा कालवा सुरू झाला आणि या वाटेवरची वर्दळ ओसरली.

बुडण्याची भीती आणि खलाशाची ओळख

त्या काळच्या बहुतेक खलाशांना पोहता येत नसे. त्यामुळे बुडण्यापासून वाचवणाऱ्या तोडग्यांना समुद्रावर मोठी मागणी होती. काही बाळं जन्मताना डोक्यावर पातळ आवरण घेऊन येतात. ते आवरण जवळ बाळगणारा बुडत नाही, असा समज होता आणि त्याची वर्तमानपत्रांतून विक्री व्हायची. चार्ल्स डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफिल्ड'च्या सुरुवातीलाच असं आवरण १५ गिनींना विकायला काढल्याचा उल्लेख आहे. कानातलं सोनं हाही असाच एक ताईत मानला जाई.

आणि शेवटी हौस. खलाशी जमिनीवरच्या माणसापेक्षा वेगळाच दिसायचा. डांबराने माखलेले हात, पाठीवर केसांची वेणी, डुलत चालणं, अंगावर गोंदण. जग पाहून आल्याची ही सगळी प्रशस्तिपत्रं होती. बाळीही त्यातलीच एक. परदेशी बंदरात कान टोचून आलेला पोरगा गावात परतला, की न विचारताच लोकांना कळायचं, हा दर्यावर गेला होता.

ब्रिटिश नौदलात अधिकाऱ्यांना १७४८ पासून गणवेश होता, पण साध्या खलाशांना तो १८५७ मध्ये मिळाला. तोपर्यंत काय घालायचं हे बऱ्याच अंशी ज्याचं त्याच्यावर होतं. गणवेश आणि शिस्त आली तशी बाळी हळूहळू कमी होत गेली. खऱ्या खलाशांच्या कानातून ती उतरत असतानाच चित्रांतल्या चाच्यांच्या कानात ती चढली.

मग नेमकं कारण कोणतं?

वरची सगळी कारणं एकाच तराजूत घालता येत नाहीत. नजर सुधारणं आणि बोट न लागणं यांना आधार नाही. तोफांसाठी रुमाल होता. केप हॉर्नचा मान हा नंतरच्या काळातला. अंगावर सोनं बाळगण्याची सोय, बुडण्याची भीती आणि 'मी दर्यावर्दी आहे' हे मिरवण्याची हौस ही सर्वांत पटणारी कारणं. प्रत्येक खलाशाच्या बाबतीत यांचं प्रमाण वेगळं असणार.

दफनाची गोष्ट पुराव्याने सिद्ध होत नाही, तरी ती लोकांच्या मनात का टिकली हे समजणं अवघड नाही. घरापासून हजारो मैल दूर मरण येईल आणि आपल्याला ओळखणारं कोणी नसेल, ही भीती प्रत्येक जहाजावर होती. लो बारच्या किनाऱ्यावर आज 'अँसन'वरच्या मृतांच्या स्मरणार्थ एक पांढरा क्रूस उभा आहे. त्या खलाशांपैकी कोणाच्या कानात बाळी होती की नव्हती, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्यांच्यानंतर इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलेल्या अनोळखी खलाशाला मातीसाठी कानातल्या सोन्याची गरज उरली नाही. ते काम कायद्याने केलं.